त्यांची सवलत टक्क्यांत, आमची पेन्शन रुपयांत

मिलहाऊस_फिटर (कोल्हापूर जिल्हा), ३ नोव्हेंबर २०२५

आज हयातीचा दाखला दिला. दरवर्षी नोव्हेंबर आला की आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला जायचं. सेवा केंद्रातल्या मशीनवर माझा अंगठा उमटत नाही. बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या मिल हाऊसला फिटर होतो. ग्रीस, सोडा आणि गरम लोखंड यात बोटांच्या रेषा गेल्या. केंद्रातल्या पोरानं दहाही बोटं फडक्यानं पुसून बघितली, नाहीच. शेवटी नातीनं मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढला. "आजोबा, डोळे मिटून उघडा" म्हणाली. मी मिटले, उघडले, आणि मी जिवंत असल्याचं दिल्लीला कळलं.

हे सगळं १,९४६ रुपयांसाठी. ऑगस्ट २०११ मध्ये ५८ पूर्ण झाली तेव्हा ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ कापलेल्या कामगारांसाठीच्या १९९५ च्या योजनेची, पेन्शन १,९४६ बसली. आज मी ७२ वर्षांचा आहे आणि पेन्शन १,९४६च आहे. महागाई भत्ता या योजनेत नाही. तेव्हा त्या पैशात घरचे चार सिलिंडर येऊन थोडा किराणा व्हायचा. आता दोन सिलिंडर येतात. माझी बीपीची आणि बायकोची साखरेची गोळी एवढाच महिन्याचा खर्च त्याच्या वर जातो. मी गेलो की तिला निम्मी, म्हणजे ९७३. किमान हजाराचा नियम आहे म्हणून तिला हजार मिळतील. हा हजाराचा नियम सप्टेंबर २०१४ चा. राज्यसभेच्या याचिका समितीनं, भगतसिंग कोश्यारी अध्यक्ष असताना, २०१३ मध्ये किमान ३,००० आणि वर महागाई भत्ता द्या असं सांगितलं होतं. बारा वर्षं झाली.

आता दुसरी तारीख सांगतो, २० सप्टेंबर २०१९. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गोव्यात पत्रकार परिषद घेऊन कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला, नव्या कारखानदारी कंपन्यांना १५. सरकारनंच सांगितलं की यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल जाईल. ना उपोषण, ना याचिका समिती. एका सकाळी घोषणा झाली.

मला उद्योगांचं वाईट चिंतायचं नाही. माझी भाकरी कारखान्यावरच चालली. माझं म्हणणं एवढंच आहे: कंपनीची सवलत टक्क्यांत दिली जाते. नफा वाढला की सवलतही आपोआप वाढते, परत कुणाच्या दारात जावं लागत नाही. म्हाताऱ्याची पेन्शन मात्र रुपयांत ठरते आणि ठरली की ठरली. दरवर्षी ती थोडी थोडी मरते आणि वाढवून मागितली की लोक म्हणतात, किती मागता? मी वाढीव मागतच नाही. २०११ मध्ये जे दिलं तेवढंच आज द्या, इतकंच मागतोय.

---

ताळेबंद (ठाणे)

काका, तुमच्या वयाचा मान ठेवून लिहितो. मी चार्टर्ड अकाउंटंट आहे, त्यामुळे आकड्यांवरच बोलेन.

पहिली गोष्ट, ईपीएस ही सरकारी पेन्शन नाही, वर्गणीचा फंड आहे. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के त्यात जातात, तेही ठरलेल्या पगारमर्यादेपर्यंतच. तुमच्या काळात २००१ पासून मर्यादा ६,५०० होती, त्याआधी ५,०००. म्हणजे तुमच्या नावावर महिन्याला ५४१ रुपये, त्याआधी ४१७. सरकारचे १.१६ टक्के धरले तरी सोळा वर्षांत मुद्दल साधारण लाखभर जमलं. गेल्या चौदा वर्षांत तुम्हाला सव्वातीन लाखांच्या वर मिळालेत. अशा पंचाहत्तर लाखांहून जास्त पेन्शनरांना फंडातून वाढ द्यायची तर पैसा आज वर्गणी भरणाऱ्यांचा जातो. तुमच्या नातीचा जातो.

दुसरी गोष्ट, कंपनी कर. दर कमी केला कारण व्हिएतनाम, थायलंड २० टक्क्यांवर बसले होते आणि चीनमधून निघालेले कारखाने तिकडे चालले होते. या कपातीनं तिजोरी बुडाली असंही नाही. २०१८-१९ मध्ये कंपनी कर ६.६३ लाख कोटी जमा झाला होता. कोविडच्या वर्षी तो ४.५८ वर आला, पण २०२३-२४ मध्ये ९.११ लाख कोटी झाला. दर कमी, वसुली जास्त.

हे दोन वेगळे खिसे आहेत. एकाच्या दुखण्याला दुसऱ्याला जबाबदार धरलं की राग निघतो, उपाय निघत नाही.

---

मिलहाऊस_फिटर

साहेब, हिशोब नीट मांडलात, त्याबद्दल बरं वाटलं. पण त्यातली एक ओळ राहिली. ६,५०० ची मर्यादा कुणी ठरवली? माझा मूळ पगार आणि महागाई मिळून त्याच्या वर होता. मी कधी म्हटलं नव्हतं की माझी वर्गणी कमी धरा. ती मर्यादा २००१ ते २०१४ हलली नाही, १५,००० झाली आणि तिथेच अडकली, आज अकरा वर्षं. म्हणजे भरताना रुपयांत बांधलं आणि घेतानाही रुपयांत बांधलं. पूर्ण पगारावर वर्गणी भरायचा पर्याय होता म्हणतात. आमच्या कारखान्यात तो कागद कामगारापर्यंत कधी आला नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्यात सप्टेंबर २०१४ च्या आधी पर्याय न देता निवृत्त झालेले बाहेर राहिले. त्या यादीत मी आहे.

आणि तुमचे लाखभर रुपये मुद्दल झालं. त्या काळात आमच्या पीएफवर आधी १२ टक्के आणि २००० नंतर साडेआठ ते अकरा टक्के व्याज मिळत होतं, हे तुम्हाला माहीत असेलच. त्या व्याजानं १९९५ पासूनचे पैसे वाढवून बघा.

दोन खिसे वेगळे म्हणालात. ईपीएसमधला सरकारचा १.१६ टक्का अर्थसंकल्पातून येतो. किमान हजार करताना कमी पडले ते पैसेही अर्थसंकल्पातूनच आले. मनात आणलं तेव्हा एका खिशातून दुसऱ्यात गेलेच की. वसुलीचं म्हणाल तर त्याच काळात साध्या माणसाचा आयकर कुठे गेला तेही लिहा.

---

पस्तिशीतला (हिंजवडी)

तो मी लिहितो, कारण तो मी भरतो. २०१८-१९ मध्ये वैयक्तिक आयकर ४.७३ लाख कोटी होता, कंपन्यांपेक्षा जवळपास दोन लाख कोटींनी कमी. २०२३-२४ मध्ये तो १०.४५ लाख कोटी झाला, म्हणजे कंपन्यांच्या पुढे गेला. या मुद्द्यावर मी काकांच्या बाजूने आहे. कर कमी झाला तर गुंतवणूक येईल, नोकऱ्या येतील असं सांगितलं होतं. माझ्या कंपनीत दोन वर्षं पगारवाढ थांबलेली आहे.

पण पेन्शनवर मी काकांच्या विरुद्ध आहे.

माझ्याही नावावर ईपीएसमध्ये महिन्याला १,२५० च जातात, मर्यादा तीच. मी ५८ चा होईन तेव्हा २०४८ असेल. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरचे १० कोटींपेक्षा थोडे जास्त होते. तेव्हा किती असतील याचा विचार केला की झोप येत नाही. प्रत्येक निवडणुकीला आजच्या मतदाराला काहीतरी जाहीर होतं आणि बिल उद्याच्या माणसाच्या नावावर जातं. महाराष्ट्राचं कर्ज २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ९ लाख कोटींच्या वर धरलंय, महसुली तूट ४५ हजार कोटींच्या पुढे आहे. लाडकी बहीणला ३६ हजार कोटी. मार्च २०२३ ला सरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संप केला, तेव्हा माझ्या वडिलांच्या ऑपरेशनची तारीख पुढे गेली. प्रत्येक गटाची मागणी आपल्या जागी खरी वाटते. सगळ्यांची बेरीज कोण करतं?

माझ्या वडिलांना कुठलीच पेन्शन नाही. त्यांचं दुकान होतं. त्यांची पेन्शन मीच आहे. म्हणून विचारतो काका, किमान ७,५०० आणि महागाई भत्ता ही ईपीएसवाल्यांची जी मागणी आहे, ती फक्त ज्यांच्या नावावर पीएफचा नंबर होता त्यांच्यासाठीच का?

---

मेहकरची (बुलढाणा)

मला या धाग्यात दोन्हीकडून राग आलाय, म्हणून लिहिते.

काका, आमच्या बुलढाण्यात ईपीएस-९५ वाल्यांचं साखळी उपोषण डिसेंबर २०१८ पासूनचं. मी कॉलेजला जाताना मांडव बघायचे. त्यांचं दुःख खोटं नाही. पण तुमच्याकडे १,९४६ तरी आहेत. माझी आई पन्नास वर्षं दुसऱ्याच्या शेतात निंदण-खुरपण आणि कापूस वेचणी करत आली. तिचा मालक रोज बदलायचा. तिच्या नावावर कुणी ८.३३ टक्के भरणार होतं?

तिला जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे १,५०० मिळायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या एकटीच्या खात्यात दर महिन्याला पैसे आले. तिनं त्यातून चष्मा केला. मग ६५ झाली आणि बंद. झाली म्हणजे काय, आधारवर तिची जन्मतारीख १ जानेवारी आहे. गावातल्या निम्म्या बायांची १ जानेवारीच आहे, कारण खरी तारीख कुणालाच माहीत नव्हती, आधार काढणाऱ्यानं टाकली ती खरी झाली. आजीच्या सांगण्यावरून आई एखाददोन वर्षांनी लहानच असेल. मशीनला ते कसं सांगायचं?

मला वाटलं, लाडकी बहीण २१ ते ६५ आहे, पुढे ६५ वरच्या निराधारांची श्रावणबाळ पेन्शन आहे, तिथेही १,५०० च आहेत, एकातून नाव काढतील आणि दुसऱ्यात घालतील. तसं होत नाही. लाडकी बहीणला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत चालतं. श्रावणबाळला दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव पाहिजे, नाहीतर उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे. वर्षाला. तलाठ्यांकडे गेले तर ते म्हणाले, "ताई, तुमचा भाऊ रिक्षा चालवतो, घरात तीन माणसं कमावती, मी एकवीस हजाराचा दाखला कसा लिहू? उद्या चौकशी लागली तर माझी नोकरी जाईल." माणूस वाईट नव्हता. त्यानं मला पाणी दिलं, बसवलं, आणि खरं तेच सांगितलं.

रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. २००५ च्या मनरेगा कायद्यात शंभर दिवसांच्या कामाची हमी. एखाद्या म्हाताऱ्या जोडप्यानं ती पूर्ण घेतली तर ३१,२०० होतात आणि श्रावणबाळमधून नाव जातं. ६७ दिवस काम केलं की थांबायला पाहिजे. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखांच्या घरातली बाई गरजू असते आणि पासष्टाव्या वर्षी बावीस हजारांच्या घरातली बाई गरजू नसते. हे ज्यांनी लिहिलं त्यांनी दोन्ही जीआर शेजारी ठेवून कधी वाचले का?

त्या १,५०० तला केंद्राचा वाटा बघा. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत ऐंशीच्या आतल्यांना केंद्र महिना २०० रुपये देतं. २००७ मध्ये योजनेला हे नाव मिळालं तेव्हाही २०० च होते. राज्यानं वर घातले म्हणून दीड हजार दिसतात.

---

मिलहाऊस_फिटर

पोरी, तुझं वाचून आमच्या घरात बोलणं झालं. बायकोनं सांगितलं ते आधी लिहितो. जुलै २०२४ ला आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया फॉर्म भरायला गेल्या, ही ६७ ची होती म्हणून घरी राहिली. तेव्हा काही बोलली नाही. आज बोलली.

आणि माझा हिशोब आत्ता केला. १,९४६ गुणिले बारा म्हणजे २३,३५२. म्हणजे माझ्या या पेन्शननंच आमचं घर श्रावणबाळच्या बाहेर ठेवलंय. महिना १,७५० च्या वर मिळालं की सरकारच्या लेखी तुम्ही गरीब नाही. हे मला चौदा वर्षांत कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी बारानं गुणलं नाही.

---

सातपूरचा लघुउद्योजक (नाशिक)

"उद्योगांना सवलत" असं सगळे लिहितायत, म्हणून माझी बाजू. आमचं शीट मेटलचं वर्कशॉप आहे, २८ कामगार, भावाबरोबर भागीदारी. ती २०१९ ची कपात कंपन्यांना होती. भागीदारी फर्मला आजही ३० टक्के. माझ्याकडून जॉब करून घेणारी मोठी कंपनी २२ टक्के भरते, तिचं नवं युनिट १५ टक्क्यांत बसलं असेल, आणि मी ३०. तिचं पेमेंट मला १२० दिवसांनी यायचं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर त्या वर्षी खर्च धरता येणार नाही असा आयकराचा नियम आला, तेव्हा कुठे थोडा फरक पडला. तोही असा की काही जणांनी आमच्याकडचं कामच कमी केलं.

तेव्हा काका, ती सवलत "उद्योगांना" नव्हती. मोठ्यांना होती. त्यासाठी दिल्लीत बसून बोलणारी माणसं त्यांच्याकडे आहेत. निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केले आणि मग कुणी किती दिले ते लोकांना दिसलं. माझ्यासारखा माणूस त्या यादीत नाही, आणि तुम्हीही नाही.

पण पगारमर्यादा १५,००० वरून एकदम २५,००० करा असं म्हणाल तर मी विरोध करीन. आज एका कामगारामागे माझा वाटा १,८००, तो ३,००० होतो. २८ जणांचे महिन्याला ३३,६०० वाढतात. ते मी कुठून आणू? मोठी कंपनी कंत्राटदाराच्या डोक्यावर टाकेल, मी टाकायचे तर दोन पोरं कमी करावी लागतील. आमच्याकडे एक वेल्डर आहे, ५६ चा. दोन वर्षांनी तो काकांच्या जागी असेल. त्याच्याकडे बघितलं की मर्यादा वाढावी वाटते, बँकेचा हप्ता बघितला की नको वाटतं. टप्प्याटप्प्यानं वाढवा आणि आम्हाला तोच २२ टक्के लावा, मी आनंदानं भरीन.

---

ताळेबंद

मेहकरच्या ताईंचा २१,००० चा मुद्दा मी मान्य करतो. तो आकडा समर्थन करण्यासारखा नाही. भागीदारी फर्मचंही बरोबर आहे.

पण "म्हाताऱ्यांना काहीच मिळत नाही" असं चित्र उभं राहतंय ते खरं नाही. सत्तरीच्या वरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मानमध्ये पाच लाखांपर्यंतचे उपचार ऑक्टोबर २०२४ पासून मिळतात. पंचाहत्तरीनंतर एसटी मोफत, त्याआधी ६५ पासून अर्धं तिकीट. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये शून्य झाला. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के व्याज आहे आणि मर्यादा २०२३ मध्ये ३० लाख केली. एसटीचं अर्धं तिकीट सोडलं तर हे सगळे निर्णय गेल्या तीन-चार वर्षांतले आहेत.

---

मिलहाऊस_फिटर

यातलं मला काय लागू पडतं ते सांगतो. तीस लाख मी आयुष्यात एकत्र बघितले नाहीत, त्यामुळे ८.२ टक्के मला लागू नाही. विम्याचा हप्ता मी भरत नाही, कारण बासष्टाव्या वर्षी विचारला तेव्हा एजंटनं सांगितलेला आकडा माझ्या वर्षाच्या पेन्शनच्या वर होता. एसटीचं अर्धं तिकीट लागू आहे आणि त्याचं मोल मी जाणतो. त्या तिकिटावर बायकोला घेऊन डोळ्याच्या डॉक्टरकडे जातो.

आयुष्मानचं कार्ड काढलंय. ते दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर कामाचं. आमचा खर्च दाखल न होता होतो, रोजच्या गोळ्या, दर तीन महिन्यांनी रक्त तपासणी. बायको अजून सत्तरीची नाही, त्यामुळे तिला त्या कार्डावर काही मिळत नाही.

आणि जे होतं ते गेलं त्याचं काय? रेल्वेत ज्येष्ठांना सवलत होती, पुरुषाला ४० टक्के, बाईला ५०. मार्च २०२० मध्ये साथीचं कारण सांगून बंद केली. साथ गेली, गाड्या भरून धावायला लागल्या, सवलत परत आली नाही. मुलगी मुंबईला असते. पूर्वी आम्ही महालक्ष्मीनं वर्षातून तीनदा जायचो, आता दिवाळीला ती येते. मंत्री म्हणतात, प्रत्येक प्रवाशाला तिकिटावर सरासरी ४६ टक्के सवलत आहेच. असेल. पण तसा हिशोब करायचा तर २२ टक्क्यांच्या वर कंपन्यांना पायाभूत सुविधांवरही सवलत आहेच की, रस्ता त्यांच्या ट्रकांनाही लागतो. मग त्यांना वेगळी कपात कशाला दिली?

---

एडिसनहून (न्यू जर्सी)

तेवीस वर्षं इथे आहे, आईवडील साताऱ्याला. काकांच्या टक्के-रुपये या मुद्द्यावर इथली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेत सोशल सिक्युरिटीची पेन्शन १९७५ पासून महागाईला आपोआप जोडलेली आहे. दर ऑक्टोबरला आकडा जाहीर होतो, जानेवारीपासून वाढ. २०२६ साठी २.८ टक्के. ज्या पगारापर्यंत वर्गणी कापतात ती मर्यादाही देशातल्या सरासरी पगाराबरोबर दरवर्षी सरकते, २०२५ मध्ये १,७६,१०० डॉलर. त्यासाठी कुणाला मांडव घालावा लागत नाही.

ताळेबंद यांच्या बाजूचंही सांगतो. हे फुकट नाही. जमेपेक्षा देणं जास्त झालंय आणि पुढच्या दशकाच्या सुरुवातीला राखीव निधी संपेल असा सरकारचाच अंदाज आहे. आणि इथेही २०१७ च्या कायद्यानं कंपन्यांचा कर ३५ वरून २१ टक्के झाला, त्यावरून भांडण चालूच आहे. पण एवढ्या भांडणात कुठल्याही पक्षाचा माणूस उभा राहून "पेन्शन आहे त्या डॉलरवर गोठवा" असं म्हणत नाही. म्हटलं तर तो निवडून येणार नाही. आपल्याकडे न म्हणताच गोठलेली आहे.

---

पस्तिशीतला

हे मला पटलं. पण प्रश्न क्रमाचा आहे. पैसा एकच आहे असं धरा. पहिला कुणाला? मेहकरच्या ताईंच्या आईला शून्य मिळतंय, काकांना १,९४६. मी म्हणेन आधी २१,००० ची मर्यादा उठवा, ईपीएस नंतर. काका, हे तुम्ही मान्य कराल का? आंदोलनाच्या मांडवात उभं राहून म्हणाल का?

---

मेहकरची

दादा, "पैसा एकच आहे असं धरा" हे आमच्याच बाबतीत का धरायचं? २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कुणी धरलं होतं का, की १ लाख ४५ हजार कोटी एकच आहेत, आधी कुणाला? कंपनी आणि माझी आई अशी रांग कुणी लावली नाही. रांग लागते ती माझी आई आणि हे काका यांची.

तरी तुमच्या प्रश्नाचं काकांनी उत्तर द्यावं असं मलाही वाटतं.

---

मिलहाऊस_फिटर, ६ नोव्हेंबर

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण पटकन हो म्हणणं सोपं होतं.

पस्तिशीतल्या पोरा, हो. आधी हिची आई. मांडवातही म्हणेन, आणि काही जण चिडतील. आमच्यातले बरेच जण म्हणतात, आम्ही वर्गणी भरली, आमचा हक्क आहे, भीक नव्हे. मीही असंच म्हणत आलोय. पण ऊस तोडणारी, कापूस वेचणारी बाई वर्गणी भरायला तयार नव्हती असं थोडंच आहे? तिच्याकडून कुणी घेतली नाही. आमच्या कारखान्याचा गाळप हंगाम तोडणी कामगारांवर चालायचा. त्यांच्यातल्या एकाचंही नाव आमच्या मस्टरवर नव्हतं आणि बत्तीस वर्षांत मी त्याबद्दल एकदाही तोंड उघडलं नाही. हे मला या धाग्यात लिहायचं होतं.

पण "आधी ती" याचा अर्थ "मग आम्ही कधीच नाही" असा करू नका. कारखाने अडचणीत आले की राज्य थकहमी देतं. ती देताना क्रम विचारत नाहीत. आमच्या कारखान्यात कामगारांचे पगार आणि पीएफ थकले होते तेव्हा कर्ज मंजूर झालं, आणि त्यातून आधी बँकेचं देणं गेलं. आमचा पीएफ तीन वर्षांनी भरला.

ताळेबंद साहेब, एक काम सांगू का? तुमच्या पद्धतीनं काढा. २०११ चे १,९४६ आज किती असायला पाहिजेत?

---

ताळेबंद

काढले. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक घेतला, कारण तुम्ही औद्योगिक कामगार होता. ऑगस्ट २०११ ला तो १९४ होता, २००१ ला शंभर धरून. आताचा नव्या मालिकेत १४७ च्या आसपास आहे, जुन्यात आणायला २.८८ नं गुणायचं, म्हणजे ४२३. भाव २.१८ पट झाले. तुमचे १,९४६ आज साधारण ४,२४० असायला हवे होते. उलट बाजूनं बघितलं तर आजच्या तुमच्या १,९४६ ची किंमत २०११ च्या भावानं साधारण ८९० रुपये आहे.

७,५०० ची सरसकट मागणी मला आजही मान्य नाही. वीस वर्षं भरणारा आणि दहा वर्षं भरणारा यांना एकच रक्कम देणं वर्गणीच्या योजनेत बसत नाही. कंपनी कराचा दर वाढवावा असंही मी म्हणणार नाही. पण हे ४,२४० मला नाकारता येत नाहीत. मी सुरुवातीला "तुम्हाला सव्वातीन लाख मिळाले" असं लिहिलं तेव्हा २०११ चा रुपया आणि २०२५ चा रुपया एकत्र बेरजेत घेतले. अशिलाच्या ताळेबंदात मी असं करत नाही.

मेहकरच्या ताई, तुमच्या आईच्या अर्जाचं एक बघा. तुमचा भाऊ वेगळा राहत असेल आणि शिधापत्रिका वेगळी असेल तर कुटुंबाच्या उत्पन्नात त्याची रिक्षा धरली जाते का, हे तहसीलच्या संजय गांधी निराधार योजना शाखेत लेखी विचारा. तोंडी विचारू नका.

---

मेहकरची

भाऊ वेगळा राहत नाही, सर. वेगळी शिधापत्रिका काढायची तर आईला घराबाहेर दाखवावं लागेल. हे काल मी घरी बोलले तर आई म्हणाली, "दीड हजारासाठी लेकराच्या घरातून नाव काढू का?"

लेखी अर्ज मात्र सोमवारी देते. उत्तर आलं की इथेच टाकीन.